धक्क्याखालची ताई

जेवणाच्या सुटीत तोयोमीने काठी पाण्यात सोडली, हेडफोन कानांवर चढवले, आणि जिथून गेल्या कित्येक वर्षांत तिच्याशी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं तिथून ताई बोलली. टक्. टक्टक्. टक्. मग श्वास घ्यायला थांबावं तशी गप्प, मग पुन्हा टकटकांची एक माळ. ओगस्टाच्या दुकानातून आणलेला भाताचा डबा मांडीवर उघडा राहिला आणि एक माशी त्यातल्या तळलेल्या तुकड्यावर हक्काने बसली. बाजारामागच्या या धक्क्यावर तोयोमी यंत्र तपासायला येई ती इथे काही ऐकू येत नाही म्हणूनच. काठीच्या टोकाला मुठीएवढा काळा गोळा होता, तो म्हणजे पाण्यातला कान. खांद्याला लटकवलेली पेटी म्हणजे त्याचं डोकं. हे डोकं ठिकाणावर आहे ना, ते पाहायचं तर आधी जिथे बोलणारं कुणी नाही अशा जागी त्याला गप्प बसून दाखवावं लागतं. आणि कोरोर शहरातल्या भांड्यांचं पाणी, बाटल्या, एक बुडालेली चप्पल आणि मासे साफ करून टाकलेली आतडी, एवढं सगळं जिथे साचतं तिथे कोण बोलणार? पेटीच्या काचेवर आकडा उमटला. चारशे सतरा. तिने काठी फिरवली तसा आवाज बारीक झाला, परत आणली तसा मोठा झाला. जिथे तो सगळ्यांत मोठा होता त्या दिशेला काठीच्या रेषेत एक निळी होडी बांधलेली होती. होडी स्कीलांगमामाची होती.

आता शहाण्या माणसाने अशा वेळी भात खाऊन घ्यावा. तोयोमी शहाणी होती, पण तिच्या पोटाने नकार दिला. पोटाला कारण होतं. चारशे सतरा हा एक गोबरा मासा होता, चांगला हातभर लांब, अंगावर तपकिरी ढगांची नक्षी. गेल्या साली प्रवाळखडकांमधल्या उलोंगच्या खिंडीत, अमावास्येच्या आधी, हे मासे अंडी घालायला कुठकुठून जमतात तेव्हा तिने त्याच्या पोटात भेंडीएवढी एक नळी शिवली होती. ती नळी आपला आकडा पाण्यात ओरडत राहते, वर्षानुवर्षं, मासा कुठेही जावो. खिंडीत आणि बाहेरच्या सगळ्या खडकांवर तिने ऐकणाऱ्या पेट्या बांधल्या होत्या. खिंडीतल्या पेटीने चारशे सतराला ऐकलं, अमावास्या झाली, मासा निघाला, आणि त्यानंतर वर्षभर एकाही पेटीला तो ऐकू आला नाही. कुठे गेला? तोयोमीची नोकरी म्हणजे हा प्रश्न. आणि आता उत्तर असं मांडीखालून येत होतं. माशाचं पोट शहरात दोनच तऱ्हांनी येऊ शकतं, माशासकट किंवा माशाशिवाय. या धक्क्यावर सगळं गाव मासे फाडतं. फाडलं की आतलं पाण्यात. नळी चिखलात पडते आणि बिचारी तिथूनही सांगत राहते, मी आहे, मी आहे, मी आहे.

आणि परवाच मामाने मोठ्या हंडीत अळूच्या पानांचं नारळाच्या दुधातलं कालवण आणलं होतं. आत मासाच मासा. तोयोमीने दोन वाडगे खाल्ले होते आणि तिसऱ्याला नको म्हणताना मनात हो म्हणाली होती. "कुठला रे मासा?" असं मावशीने, म्हणजे मामाच्या ताईने, विचारलं तेव्हा मामा म्हणाला होता, "ताई, तुला सांगतो, मी होडीत नुसता बसलो होतो. शप्पथ. हात मांडीवर. आणि यानेच उडी मारली. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, स्कीलांग, किती दिवस वाट बघायला लावतोस?" सगळे हसले होते. तोयोमीही. मासा इतका शिजला होता की त्याला ना काटा, ना कातडं, ना रूप. कुठला होता कसं कळणार? जिभेने ओळखायला हवं होतं. पण जीभ नारळाच्या दुधात बुडाली की तिचं इमान जातं. तिने पोटावर हात ठेवला. टक्. टक्टक्. क्षणभर तिला वाटलं की काठीने नाही, आपण आतूनच ऐकतोय.

नळी शिवली तो दिवस तिला हातांनी आठवत होता. गोबरा उताणा केला की आपोआप शांत होतो. पाण्याच्या पाटीत मामाने त्याला तान्ह्या पोरासारखा दोन्ही हातांत धरला होता आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. मासा आभाळाकडे बघत होता. "तोयोमी, तो खालचा जबडा बघ," मामा म्हणाला, "पुढे आलेला. जगातलं काहीच पसंत नसल्यासारखा. कोण आठवतं?" "मामा, नको." "आपली ताई!" "मावशीला कळलं तर ती तुझ्या पोटात काहीतरी शिवेल." "अगं, मान आहे तो. साध्या माशाला कोण ताईचं नाव देतं?" ती टाका घालत होती आणि हसण्याने सुई हलत होती. मग ती म्हणाली की या जातीत बाई मोठी झाली की पुढे तिचा बाप्या होतो. मामा जराही दचकला नाही. "आपली ताई कधीच झालीय," तो म्हणाला. शिवून झाल्यावर त्याने मासा पाण्यात सरळ केला, त्याच्या तोंडातून पाणी फिरेपर्यंत हलकेच पुढेमागे झुलवला आणि हात सोडले. मासा लगेच गेला नाही. मामाच्या तळव्यावरच राहिला, मग एकाएकी नाहीसा झाला. मामाचे ओले हात बराच वेळ तसेच पसरलेले होते. त्या हातांनी सुरी चालवली असेल? हे तोयोमीला चित्रात आणता येईना. पण न येणाऱ्या चित्रांचा तिला भरवसा नव्हता. तिचा भरवसा आकड्यांवर.

भरवसा आकड्यांवरच का, याला एक देवमासा कारण होता. तिचा बाप ग्वाम बेटावर कामाला गेला आणि तिथलाच झाला. ती लहान होती, रोज विचारायची. मामाने एकदा सांगून टाकलं की बाबा देवमाशाच्या पाठीवर बसून येतोय, वाटेत देवमाशाला सर्दी झाली म्हणून उशीर. तोयोमीने केसांना तेल लावलं, वेणी घालून घेतली आणि अख्खा दिवस एका धक्क्यावर बसून राहिली. देवमाशाला शिंक आली तर भिजायला नको म्हणून मागे सरकून बसली. संध्याकाळी मामा तिला खांद्यावर घालून घरी घेऊन आला. वाटेत तो पहिल्यांदाच एक शब्द बोलला नाही, आणि तिच्या पायांवर त्याच्या मानेचा घाम होता. त्यानंतर तिने कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवलं, आणि बघा, पोट कशावर भरते तर ऐकण्यावर! पण यंत्राच्या. यंत्र देवमाशाला सर्दी झाली असं सांगत नाही. आई गेल्यावर तिला मामानेच वाढवलं, शाळेत घातलं, तिच्या लग्नात नाचला, नवरा पळाला तेव्हा त्या पळाल्याची अशी गोष्ट रचली की गावभर हसू पसरलं आणि तिची लाज त्यात वाहून गेली. हे सगळं तिला ठाऊक होतं. तरी आत कुठेतरी ती वेणी घातलेली पोर मागे सरकून बसलेली होती.

आणि उद्या सकाळी त्याच पोरीला बोलायचं होतं. कुळाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. ती पदवी कुणा पुरुषाला द्यायची ते कुळातल्या थोरल्या बायका ठरवतात. द्यायची तशी काढूनही घेतात, म्हणून पुरुष त्यांच्यासमोर जरा नीट बसतात. या वेळी नाव पुढे होतं ते मामाचं. आईच्या जागी आता तोयोमी त्या बायकांत बसणार होती, पहिल्यांदाच. डिलुबेखमावशी, सगळ्यांत थोरली, तिला बाजूला घेऊन म्हणाली होती, "स्कीलांग माझा भाऊ. पण त्याचं एक वाक्य मला खरं वाटत नाही, अगदी 'पाऊस पडतोय' म्हणाला तरी मी हात बाहेर काढून बघते. तू त्याच्या खांद्यावर वाढलीस. तू जे म्हणशील ते मी धरेन. पण पोरी, विचार करून म्हण." आता विचार काय करायचा? गोबऱ्यांच्या हंगामावर बुल घातलेला होता. हे महिने त्यांना कुणी हात लावायचा नाही, ही जुनी बंदी. आणि बंदीची नारळाची झावळी खिंडीच्या तोंडाशी ज्याने स्वतः बांधली तो स्कीलांगमामाच. ज्याने बांधली त्यानेच मोडली असेल, तर त्याला पदवी नाही. पुढे कधीच नाही. गावाला तोंड दाखवायची सोयही नाही.

काठी तिने हलवली नाही. दिशा बदलते का, एवढंच बघायचं होतं. बदलली तर मासा आहे. नाही बदलली तर नळी आहे. ऑफिसमध्ये फोन करून ती म्हणाली की यंत्रात बिघाड आहे, तपासतेय. दुपार सरकत होती. दिशा निळ्या होडीवरच. गोबराही तसा बैठा प्राणी, कपारीत बसला की भाडेकरूसारखा हलत नाही; मेलेला मासा आणि आळशी मासा, यंत्राला दोन्ही सारखेच. तिने सुपारी फोडली, पानात चुना घातला, चघळली, लाल थुंकी पाण्यापासून लांब नेऊन टाकली. कानात टकटक चालूच. हळूहळू तिला त्या आवाजात चेहरे दिसायला लागले, मावशीचा जबडा, आईचं कपाळ. मग नुसता आवाजच उरला आणि तिला कळेना की आपण ते थांबावं असं म्हणतोय की थांबू नये असं.

"कुणाशी बोलतेयस?" मागून आवाज आला. मामा. डोक्यावर टोपी, काखेत विणलेली पानाची टोपली, पायांत दोन वेगळ्या चपला.

"कुणाशी नाही. यंत्र तपासतेय."

"दुपारपासून? इतका वेळ मी माझ्या बायकोचंही ऐकलं नाही." तो शेजारी बसला, तिच्या डब्यात डोकावला. "हे खायचं नाही का तुला? माशीने अर्धं संपवलं." आणि उत्तराची वाट न बघता तुकडा तोंडात टाकला. "ओगस्टाचा हात आता पूर्वीसारखा नाही राहिला. परवाचं माझं कालवण कसं झालं होतं, ते सांग."

तोयोमीने त्याच्याकडे पाहिलं. "चांगलं झालं होतं. मासा कुठला होता, मामा?"

"सांगितलं ना, त्याने उडी मारली."

"खरं सांग."

"खरंच सांगतोय. त्याने माझं नाव घेतलं."

"मामा, मी हसत नाहीये."

त्याने चावणं थांबवलं. तिचा चेहरा बघितला, मग तिच्या कानांवरचे हेडफोन, मग काठी, मग काठीच्या रेषेत आपली होडी. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि त्याने नजर पाण्याकडे वळवली. नजर अशी वळवणारा माणूस तिने आजवर या चेहऱ्यात पाहिला नव्हता. "सगळंच कशाला विचारायचं माणसाला," तो पुटपुटला. "खाल्लंस ना? आवडलं ना?"

आणि त्याच वेळी आवाज बारीक झाला.

काठी डावीकडे, अजून बारीक. उजवीकडे. टक्! टक्टक्! निळ्या होडीपासून हातभर पुढे. मग धक्क्याच्या खांबाशी. मग खांबाच्या पलीकडे. ओहोटी लागली होती, पाणी बाहेरच्या दिशेने ओढत होतं. पण ओहोटीबरोबर वाहणारी नळी चिखलावरून अशी मान वळवत, खांबाला वळसा घालून जात नाही. "मामा," ती म्हणाली, "ती चाललीय." "कोण?" "ताई!" "कुठे? घरी? मला बघितलं का तिने?" "आपली ताई नाही, ताई! चारशे सतरा!" मामा उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. काठी खांद्यावर टाकून ती निघालीच होती. धक्क्याच्या टोकाला बुडवली. आहे. तिथून मालाकाल बेटाकडे जाणाऱ्या भरावाच्या रस्त्याने. रस्त्याच्या कडेला दगड उतरायचे, काठी बुडवायची, ऐकायचं, वर यायचं, पुढे पळायचं. पन्नाशी ओलांडलेली बाई ऑफिसच्या कपड्यांत गुडघ्यापर्यंत ओली होऊन पळत होती आणि तिचे गुडघे, जे रोज जिना चढताना तक्रारी सांगत, आज गप्प होते. गाड्या थांबल्या. कोरोरला रस्ता मुळात एकच, तो तुंबायला एक कारण पुरतं. "काय पडलं पाण्यात?" "काही नाही, स्कीलांगची ताई चाललीय!" "अरे देवा, पडली का?" "पडली नाही, पोहतेय!" दुकान तसंच उघडं टाकून ओगस्टा एप्रनसकट मागे आली. एका ट्रकवाल्याने ट्रक रस्त्यात आडवाच उभा केला आणि तोही आला.

छोट्या पुलापाशी पाणी खालून पलीकडे जातं. तोयोमीने अलीकडून ऐकलं, इतकं स्पष्ट की कानात दुखलं. ती रस्ता ओलांडून पळाली, पलीकडच्या कठड्यावरून काठी सोडली. काही नाही. पाण्याचा घरघर आवाज आणि स्वतःची छाती. मामा तिच्या खांद्याशी वाकला होता, त्याच्या तोंडाला चुन्याचा वास. "आली?" "गप्प." "आली का पण?" "मामा!" आणि मग पुलाच्या अंधारातून, अगदी तिच्या पायांखालून, टक्. टक्टक्. टक्. खिंडीच्या दिशेला, पश्चिमेला. अमावास्या जवळ आली होती. ताईला ते कुणी सांगायची गरज नव्हती. तोयोमीला जे कळलं ते सगळं एकदम कळलं. वर्षभर समुद्रातल्या एकूण एक खडकावर पेट्या बांधल्या आणि शहरात एक बांधली नाही. का? एवढा थोर मासा आपल्या खरकट्या पाण्यात राहील हे तिच्या, मामाच्या, गावातल्या कुणाच्याच मनात आलं नव्हतं. थोर माणसांना आपण लांबच्या बेटावर राहायला लावतो तसं त्यांनी माशालाही लावलं होतं. आणि ही बाई वर्षभर बाजाराखाली राहिली. ओगस्टाच्या हंड्यांची खरवड खाऊन, वरची भांडणं आणि पावलं ऐकत. आणि वेळ झाली तशी नटून निघाली.

"ही रोज माझ्या भांड्यांखाली होती?" ओगस्टा म्हणाली. "मग तुझं नाव घेणारा मासा तो कुठला, स्कीलांग? माझ्याकडून खोकंभर डबे नेलेस ते काय केलेस?"

"कसले डबे?" तोयोमीने विचारलं.

"टिनमधल्या माशाचे. म्हणाला, कुणाला सांगू नकोस. उद्या प्रमुख व्हायचं आणि घरच्यांना डब्यातला मासा घालायचा, बायका काय म्हणतील!"

मामा टोपी काढून टोपीच्या आत बघू लागला. कानांच्या पाळ्या लाल. "पाठ धरली होती," तो अगदी हळू म्हणाला. "जाळं ओढता येईना. आणि बुल चालू. काय आणणार होतो?" तोयोमीला आधी हसू आलं नाही. आधी तिला परवाच्या दोन वाडग्यांची चव पुन्हा आली, नारळ, अळू आणि तळाशी डब्याची ती लोखंडी चव, जी तिला तेव्हाही कळली होती आणि जिला ती स्वतःशी खडकावरच्या माशाची चव म्हणाली होती. आपणही! तिचं यंत्र असलेलं डोकंही! मग हसू आलं ते पायांतून आलं. ती कठड्यावर वाकली आणि हसता हसता काठी हातातून निसटता निसटता राहिली; ट्रकवाला काही न कळता हसू लागला, ओगस्टा डोळे पुसू लागली, मागे खोळंबलेल्या गाड्यांनी भोंगे वाजवले आणि त्या भोंग्यांतही तिला कुणीतरी हसतंय असं वाटलं. पाण्यावरून ऊन तिरकं येत होतं. तिच्या ओल्या पायांना वारा लागत होता. इतकं हलकं तिला कितीतरी काळात वाटलं नव्हतं. आपण मोठ्या झालो ही गोष्ट थोडा वेळ कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखी.

"ए तोयोमी," ट्रकवाला म्हणाला, "काय म्हणतेय ती? सांग की आम्हालाही."

तिने हेडफोन नीट बसवले. आवाज गेला होता. ताई लांब पोचली होती, पेटीच्या पल्ल्याबाहेर, खुल्या पाण्यात. कानात नुसतं समुद्राचं मोठं, रिकामं, गोड घोंघावणं. तिने खरं सांगायला तोंड उघडलं. पन्नास वर्षं तिच्या तोंडातून तेच आलं होतं.

"म्हणतेय," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला, "म्हणतेय, मी निघाले. उद्याच्या बैठकीला यायला जमणार नाही. तिकडे नवरे खोळंबलेत. माझं मत तोयोमी सांगेल."

कुणी हसलं नाही. ट्रकवाल्याने मान डोलवली. मामाचे ओठ किंचित उघडे होते. आयुष्यभर ज्याच्या तोंडाकडे लोकांनी अशा ओठांनी पाहिलं तो माणूस तिच्या तोंडाकडे पाहत होता.

"कुणाला?" त्याने विचारलं. एवढंच. आवाज इतका लहान की तो मामाचा असावा असं वाटेना. "मत कुणाला दिलंय ताईने?"

तोयोमीने हात वर करून त्याला थांबवलं. डोळे मिटले. काठी थोडी उजवीकडे वळवली, थोडी डावीकडे, भुवया आवळल्या, आणि त्या रिकाम्या पाण्याचं अगदी मन लावून, त्याला चांगला ताटकळत ठेवून, ऐकलं.

"म्हणतेय, माणूस खोटारडा आहे," ती म्हणाली, "पण डब्यातला मासा छान शिजवतो. त्यालाच द्या."